प्रयोगशाळेतली गोड भुकटी

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पत्रिकेत माझे लिखाण बहुधा लागवडीची तारीख, खताचा हप्ता, पाचट आणि खोडकिडा यांच्यापलीकडे जात नाही. आजचा विषय फडातला नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेतला आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी ती प्रयोगशाळा खिडकीतूनच पाहिलेली असेल. तरीसुद्धा हा विषय तुमचा कसा, ते वाचता वाचता ध्यानात येईल.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आपले एक सभासद उसाची मोळी घेऊन शेतकी कार्यालयात आले. त्यांची ही तिसरी खेप. आधीच्या दोन नमुन्यांत साखर कमी निघाल्याने तोडणीच्या यादीत त्यांचा नंबर मागे गेला होता. "साहेब, पुन्हा एकदा पाहा, यंदा माझा ऊस पिकला म्हणजे पिकलाच," असा त्यांचा धोशा. त्यांना नाही म्हणणे जमले नाही, म्हणून मोळी घेऊन मी स्वतःच प्रयोगशाळेत गेलो. तिथे आपला नमुने करणारा पोरगा होता. त्याने चरकातून रस काढला, बाटलीत मोजून घेतला, डब्यातली पांढरी भुकटी चमच्याने त्यात टाकली, बाटली खळखळ हलवली आणि गाळायला लावली. मग हात पँटीला पुसला, खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली आणि घोटायला बसला.

मी म्हटले, "बाबू, हात तरी धू."

तो हसला. "साहेब, दिवसातून शंभर डाव हात लागते याले. काई होत नाही. एक डाव बोट चाटलं होतं म्या, गोड लागते थे."

गोड लागते. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण ती भुकटी म्हणजे शिसे होते.

आता हे शिसे प्रयोगशाळेत कशाला, असे तुम्ही विचाराल. उसाच्या रसात साखर किती हे पाहण्यासाठी पोलॅरीमीटर नावाचे यंत्र असते. रसाने भरलेल्या नळीतून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडतात. साखर त्या प्रकाशाला थोडा वळवते, आणि तो किती वळला यावरून साखरेचा आकडा मिळतो. त्याला आपण पोल म्हणतो. अडचण अशी की चरकातला रस गढूळ आणि काळपट असतो, त्यातून प्रकाश आरपार जातच नाही. म्हणून रसातला रंग, डिंकासारखे पदार्थ आणि इतर घाण खाली बसवावी लागते. या कामासाठी शिशाचा एक क्षार वापरतात. रसायनशास्त्रात त्याला बेसिक लेड ॲसिटेट म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे नुसते 'ड्राय लेड' म्हणतात. रसात पडताच ते घाणीला घेऊन तळाला बसते आणि वर पाण्यासारखा नितळ रस राहतो. भुकटी पाण्यात न विरघळवता कोरडीच टाकायची ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉर्न नावाच्या रसायनतज्ज्ञाने बसवली, म्हणून काही जुन्या पुस्तकांत तिला हॉर्नची भुकटीही म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षे जगभरच्या साखर कारखान्यांनी हीच रीत चालवली, आणि ती चालली कारण ती स्वस्त, सोपी आणि भरवशाची आहे. एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

शिसे आपल्याला अनोळखी नाही. जुना शेंदूर शिशाचाच. काष्ठौषधीच्या दुकानातले मुरदाडशिंगही शिशाचेच, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या पट्ट्याही. पण या सगळ्यांपेक्षा लेड ॲसिटेटची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्यात आणि पोटात सहज विरघळते, आणि ते गोड आहे. युरोपात त्याचे जुने नावच 'शिशाची साखर' असे होते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवून त्याचा गोड काकवीसारखा पाक करत आणि दारूत घालत. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना वर्षानुवर्षे पोटात भयंकर कळा येत, हातपाय लुळे पडत. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ साली दाखवून दिले की तो दोष सफरचंदांचा नाही, घाण्याला आणि टाकीला लावलेल्या शिशाचा आहे. त्या बागायतदारांनी डॉक्टरांचे आभार मानण्याऐवजी त्याच्यावर राग धरला, कारण त्यांच्या मालाला बट्टा लागत होता. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून सांगून ठेवली.

शिसे शरीरात जाते ते मुख्यतः दोन वाटांनी. डबा उघडताना, चमचा झटकताना, टेबल झाडताना जी बारीक धूळ उडते ती नाकावाटे. आणि हाताला लागलेली तोंडावाटे. आपल्या भागात ही दुसरी वाट फार मोठी आहे, कारण आपल्याकडे खर्रा आहे. खर्रा तळहातावर घोटतात आणि बोटांनी गालात भरतात. विष हातावरून तोंडात न्यायला याहून चांगली तजवीज शोधून सापडणार नाही. त्यात काही ठिकाणी प्रयोगशाळेतल्याच बीकरमध्ये चहा होतो. मी पूर्वी एका कारखान्यात होतो, तिथे मीही तसला चहा घेतला आहे. कौतुकाने घेतला.

एकदा आत गेलेले शिसे पहिल्यांदा रक्तात असते, महिना-दीड महिन्यात रक्तातले प्रमाण उतरते. पण म्हणून ते सगळे बाहेर पडले असे नाही. शरीराला ते चुन्यासारखे, म्हणजे कॅल्शियमसारखे वाटते आणि शरीर त्याला हाडांत नेऊन ठेवते. हाडांत ते दहा, वीस, तीस वर्षे बसून राहते. आपला प्रयोगशाळेतला पोरगा हंगामी आहे. गाळप संपले की तो घरी जातो, मजुरी करतो, पुढच्या हंगामाला परत येतो. पण त्याच्या हाडांतले शिसे हंगामी नसते, ते दर वर्षी मागल्या शिलकेत जमा होत जाते.

लक्षणे सांगतो, कारण ती फसवी आहेत. थकवा येतो, भूक मरते, झोप लागत नाही, माणूस चिडचिडा होतो. पोटात पीळ पडल्यासारखे दुखते, शौचास साफ होत नाही. माणूस म्हणतो गॅस झाला, पित्त झाले, आणि औषधाच्या दुकानातून गोळी घेतो. रक्त कमी होते, कारण शिसे रक्त तयार होण्याच्या कामातच आडवे येते. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे खराब होतात. जास्त झाले तर मनगटातला जोर जातो, हात खाली लोंबतो. पुरुषाच्या आणि बाईच्या दोघांच्याही प्रजननावर परिणाम होतो. गरोदर बाईच्या हाडांतले शिसे पोटातल्या बाळापर्यंत पोचते. आणि बापाच्या कपड्यांवरून घरी आलेली धूळ रांगत्या पोराच्या हाताला लागली तर नुकसान बापापेक्षा पोराचे जास्त, कारण मुलांचा मेंदू वाढता असतो आणि तिथे झालेली हानी भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की शिशाची निर्धोक अशी पातळीच माहीत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे सापडले तर ते कुठून येते हे शोधून बंद करावे, असे त्या संघटनेने २०२१ साली सांगितले. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या तिच्याच संस्थेने २००६ साली शिशाच्या अशा क्षारांना बहुधा कर्करोग करणारे म्हणून यादीत घातले.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. गूळ खाल्ला, दूध प्यायले की सगळे विष निघून जाते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. लोह आणि कॅल्शियम पोटात पुरेसे असले तर शिसे थोडे कमी शोषले जाते, एवढे खरे. उपाशीपोटी काम करणाऱ्याला त्रास जास्त होतो, हेही खरे. पण आत गेलेले शिसे गुळाने निघत नाही. ते काढायची औषधे दवाखान्यात असतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात, आणि तीही माणसाला त्या कामावरून बाजूला केल्याशिवाय देण्यात अर्थ नाही.

कायदा या बाबतीत झोपलेला होता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवण्याजोग्या रोगांची जी यादी दिली होती, तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे. शिसे किंवा शिशाचा कोणताही संयुग पदार्थ, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तो रोग आढळला तर व्यवस्थापकाने कळवायचे आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचे, अशी दुहेरी गाठ होती. संसदेने २०२० साली त्या कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षिततेची व आरोग्याची जी संहिता केली, तिच्या यादीतही शिसे पहिल्या क्रमांकावर आहे. पण रोग कळवायचा तर तो आधी सापडला पाहिजे, आणि सापडायला रक्त तपासले पाहिजे. शिशाचा कायदा म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बॅटरीचे आणि रंगाचे कारखाने येतात. साखरेच्या कारखान्यात शिसे असते हेच कुणाच्या डोक्यात नसते. डॉक्टरांच्याही नसते. पोरगा पोट दुखते म्हणून गेला आणि डॉक्टरांनी काम काय करतोस विचारले, तर तो सांगणार 'साखर कारखान्यात'. डॉक्टर मधुमेह तपासतील.

किती शिसे लागते म्हणाल तर एका नमुन्याला ग्रॅम-दोन ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण गाळप रात्रंदिवस चालते, तिन्ही पाळ्यांत पहिल्या चरकाचा रस, मिश्र रस, शेवटच्या चरकाचा रस, पुढे पाक, मळी, चिपाड, प्रेसमड, सगळ्यांचा पोल काढावा लागतो. दिवसाला शंभर नमुने आणि नमुन्याला एक ग्रॅम एवढेच धरून चला. १२० दिवसांच्या हंगामात १२ किलो भुकटी झाली. या भुकटीच्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग निव्वळ शिसे असतो. म्हणजे एका खोलीतून, चमच्या-चमच्याने, एका हंगामात नऊ किलो शिसे माणसाच्या हातून जाते. मग ते कुठे जाते? काही गाळणकागदावर गाळ म्हणून राहते, काही रसाबरोबर मोरीत. मोरीचे पाणी कारखान्याच्या सांडपाण्यात, आणि सांडपाणी शेवटी कुणाच्या तरी शेताला. कागद गोड असतात. उकिरड्यावर टाकले तर त्यांना मुंग्या लागतात, आणि मोकाट गाय-वासरूही तोंड लावते. गुरांना शिशाची बाधा होते हे कोणताही गुरांचा डॉक्टर सांगेल. तेव्हा ही फक्त त्या एका पोराची गोष्ट उरत नाही.

आता आपल्यावर येतो.

वर सांगितलेले नमुने गाळपाचे, ते टळणारे नाहीत. पण गाळप सुरू होण्याआधी महिना-दीड महिना प्रयोगशाळेत जी गर्दी होते ती आमच्या शेतकी खात्याची असते. परिपक्वता तपासणी. चिटबॉय फडाफडांतून ऊस तोडून आणतात, मोळ्यांना चिठ्ठ्या बांधतात, आणि पोरगा सकाळपासून रात्रीपर्यंत रस काढतो आणि भुकटी टाकतो. त्यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. यात निम्मे नमुने गरजेचे असतात. उरलेले नमुने हट्टाचे असतात, आणि हे मी स्पष्ट लिहितो, रागावू नका. 'शेजाऱ्याचा नंबर आधी आला, माझा का नाही', 'गव्हाला रान मोकळे करायचे आहे', 'पुढाऱ्याच्या उसाला कुठे पोल लागतो'. शेवटच्या तक्रारीत कधी कधी तथ्य असते, तेही नाकारत नाही. पण एका फडाचे तीन-तीन, चार-चार नमुने होतात, आणि प्रत्येक नमुना म्हणजे त्या पोराच्या हाताला लागणारा आणखी एक चमचा शिसे. ही जबाबदारी पहिली माझ्या खात्याची आहे. नाही म्हणायला मी कचरतो, म्हणून मोळी पुढे जाते.

आणि मी कोणत्या तोंडाने बोलतो तेही सांगायला हवे. कृषी पदविका घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा काणी रोगासाठी बेणेप्रक्रिया म्हणून आम्ही पाऱ्याचे औषध सांगत असू. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, टिपरी दहा मिनिटे बुडवा. पुस्तकात तसेच होते, आम्ही तसेच शिकलो होतो. प्रात्यक्षिक दाखवताना मी बाही वर करून कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घालून टिपरी खालवर करीत असे, शेतकऱ्यांना वाटावे की साहेबाला काही होत नाही तर आपल्याला काय होणार. बाया टोपल्यांत टिपरी भरून नेत, त्यांच्या हातांवरून, साडीवरून ते पाणी ओघळे. दुपारी त्याच बांधावर भाकरी. इराकमध्ये १९७१-७२ साली पाऱ्याचे औषध लावलेले गव्हाचे बियाणे लोकांनी दळून खाल्ले, साडेसहा हजारांवर माणसे रुग्णालयांत भरती झाली आणि त्यांतली ४५९ दगावली. तिथले औषध आपल्यापेक्षा जहाल होते, पण जात एकच. हे सगळे जगाला माहीत होऊन तीस वर्षे झाल्यावर मी ड्रममध्ये हात घालत होतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड, म्हणजे तेच औषध, इतर अकरा औषधांसह तात्काळ बंद केले. त्यानंतर आपल्याकडची काणी वाढली का? नाही. कार्बेन्डाझिम आले, निरोगी बेणेमळ्याचे बेणे आले, काणीची बेटे उपटून जाळायची सवय लागली. म्हणजे पाऱ्यावाचून काम अडत नव्हते. आम्हाला फक्त तसे वाटत होते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला तर हे कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसच्या वर माणसे गेली, शेकडो दवाखान्यांत भरती झाली. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, दमट हवा, अंगावर साधा शर्ट. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात तेव्हा खाटा पुरत नव्हत्या. गेलेल्यांत पुष्कळ जण स्वतःच्या शेतात नव्हे, दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते. चौकशी झाली तेव्हा पहिला सूर असा निघाला की मजुरांनी काळजी घेतली नाही. त्यांना हातमोजे दिले होते का, हा प्रश्न नंतर आला. फवारणीचे विष तासाभरात माणसाला आडवे करते म्हणून निदान वर्तमानपत्रात तरी येते. शिसे कुणाला तासाभरात आडवे करीत नाही. ते पंधरा वर्षांनी मूत्रपिंडात निघते, तेव्हा कारखान्याचे नावही कुणी घेत नाही.

पर्याय आहेत. हे जर नसते तर मी हा लेख लिहिलाच नसता, नुसती भीती घालण्यात काय अर्थ? आता असे पोलॅरीमीटर मिळतात की जे डोळ्यांना न दिसणारा, ८८० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. रसाच्या रंगाचा त्या प्रकाशाला अडथळा होत नाही, म्हणून रस गोरा करायची गरजच राहत नाही. नुसती गाळणीची माती टाकून गाळला की वाचन घेता येते. त्यात शिसे शून्य. साखर तपासणीच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने शिशाविना पद्धतींना जागा दिली आहे. हे यंत्र महाग आहे, आपल्या सध्याच्या यंत्रापेक्षा बरेच महाग. दुसरा मार्ग असा की यंत्र जुनेच ठेवायचे आणि शिशाऐवजी ॲल्युमिनियमच्या क्षारांची भुकटी वापरायची. ब्राझीलमध्ये साओ पावलोकडे ऊस तपासणीत तशी मिश्रणे वापरात आली. तिला हात जरा जास्त बसवावा लागतो, गाळायला कधी वेळ लागतो.

इथे सभासदांच्या मनात जो प्रश्न येणार तो मला ठाऊक आहे, कारण चहाच्या टपरीवर तो मला विचारलाही गेला: "शिसे बंद केल्यावर पोल कमी दिसला तर आमच्या भावाचे काय?" प्रश्न रास्त आहे. पद्धत बदलली की आकडा किंचित इकडेतिकडे होतो. वास्तविक शिशाचा आकडा म्हणजे देवाचा आकडा नव्हे. शिसे टाकल्याने तळाला जो गाळ बसतो तो जागा अडवतो, आणि शिशाचा रसातल्या दुसऱ्या साखरांवरही परिणाम होतो, त्यामुळे त्या वाचनात स्वतःची चूक असते, आणि ती रसायनतज्ज्ञांना फार जुनी माहीत आहे. पण भावापुरते बोलायचे तर निश्चिंत राहा. रास्त व किफायतशीर दर ठरतो तो उताऱ्यावर, १०.२५ टक्क्यांच्या पायावर, आणि उतारा म्हणजे किती ऊस गाळला आणि किती साखर पोत्यात भरली याचा हिशेब. पोते काट्यावर चढते, पोलॅरीमीटरवर नाही. तुमच्या एकट्याच्या मोळीचा पोल तर भावात येतच नाही, तो फक्त तोडणीच्या नंबरापुरता. डेव्हनच्या बागायतदारांसारखे रागावण्याचे कारण इथे नाही.

आणि तोडणीचा नंबर तर बहुतांशी फडातच ठरवता येतो. हातातला रिफ्रॅक्टोमीटर आपल्या प्रत्येक गटकार्यालयात आहे, पण तो कपाटात असतो. उसाच्या बुडख्याकडच्या, मधल्या आणि शेंड्याकडच्या कांडीतला थेंबभर रस काचेवर टाकला की ब्रिक्स कळतो. शेंड्याचा ब्रिक्स बुडख्याच्या ब्रिक्सने भागला आणि उत्तर एकाच्या जवळ आले की ऊस पिकला. त्याहून बरेच कमी असेल तर मोळी बांधायचे कामच नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. ब्रिक्समध्ये साखरेबरोबर बाकीचे विद्राव्यही मोजले जाते, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर पोलची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, हे कबूल. पण एका गटात, एका जातीच्या, एका पंधरवड्यातल्या लागणीचा एखादा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि बाकीचे फडातच पाहिले तर काही बिघडत नाही. सभासदाच्या डोळ्यांदेखत आकडा निघतो, हा वरचा फायदा. 'प्रयोगशाळेत काय केले देव जाणे' असे म्हणायला जागा राहत नाही.

नवे यंत्र येईपर्यंतही हात बांधून बसायचे नाही. भुकटीचा डबा वाऱ्याच्या झोतात उघडायचा नाही, धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याखाली उघडायचा. मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल नव्हे. बारीक धूळ अडवणारा मास्क वेगळा मिळतो. टेबल झाडूने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. खर्रा, बिडी, चहा त्या खोलीत बंद, अगदी चीफ केमिस्टसाहेबांचाही. (हा लेख त्यांना आधी दाखवला आहे. ते हसले आणि आपला कप त्यांनी बाहेर नेला.) पाळी सुटताना साबणाने हात-तोंड धुण्याची आणि कपडे बदलण्याची सोय हवी, आज नळ आहे तो खोलीच्या मागच्या बाजूला, आणि हंगामात त्याला पाणी असतेच असे नाही. गाळ आणि कागद वेगळ्या ड्रममध्ये साठवायचे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो, आणि नागपूरजवळ बुटीबोरीला तशी सोय आहे, म्हणजे लांब जायचे नाही. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचे रक्त हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासायचे, कायम असो की हंगामी. हंगामी माणसाचे आधी, असे माझे मत. त्याचा आकडा त्याला लेखी द्यायचा. फाइलीत ठेवून उपयोग नाही.

या सगळ्याला पैसा लागेल. साबणाला आणि फडक्याला फार नाही, रक्ततपासणीला थोडा, यंत्राला पुष्कळ. कारखान्याची परिस्थिती सभासदांना ठाऊक आहे, आणि ऊसबिलाचा हप्ता थकलेला असताना अधिकारी नवे यंत्र मागतो म्हणून काही जण नाराज होतील, तेही समजू शकतो. माझे म्हणणे एवढेच की संचालक मंडळाने दरपत्रके मागवावीत, म्हणजे खरा आकडा तरी समोर येईल. आज आपण न पाहिलेल्या आकड्याला घाबरतो आहोत.

माझ्या अखत्यारीत जेवढे आहे तेवढे मी या हंगामापासून करतो आहे. पहिली तपासणी फडात, रिफ्रॅक्टोमीटरवर. ज्या फडाचे प्रमाण बसले नाही त्याची मोळी प्रयोगशाळेत स्वीकारली जाणार नाही. एका फडाचा प्रयोगशाळेतला नमुना एकदाच. दुसऱ्यांदा हवा असेल तर मी स्वतः फडात येऊन पाहीन आणि मगच सही करीन. माझ्या घरी येऊन किंवा कुणाकडून फोन करवून ही सही मिळणार नाही, कृपया आग्रह धरू नये.

बाकीचे वार्षिक सभेच्या हाती आहे. मी कारखान्याचा नोकर असल्याने मला सभेत ठराव मांडता येत नाही. ठरावाचा मसुदा तयार आहे: प्रयोगशाळेतील कामगारांची रक्ततपासणी, हात धुण्याची व कपडे बदलण्याची खोली, आणि शिशाविना तपासणीच्या यंत्राची व भुकटीची दरपत्रके, अशा तीन बाबी. सूचक आणि अनुमोदक हवे आहेत. ज्या सभासदांना नाव द्यायचे असेल त्यांनी शेतकी कार्यालयात यावे, वही माझ्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव त्या तीन खेपा घालणाऱ्या सभासदांनी लिहिले आहे. त्यांच्या उसाचा चौथा नमुना आम्ही फडातच घेतला, आणि त्यांचा ऊस नोव्हेंबरअखेर तुटला.